एच-इंडेक्स ३ आणि पऱ्हाटीचं कुट्टी यंत्र

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"सर, नमस्कार. मी अकोला जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर आहे, मेकॅनिकलला. माहेर याच भागातलं, वडिलांची कोरडवाहू शेती. गेली काही वर्षं मी ट्रॅक्टरवर चालणाऱ्या पऱ्हाटी कुट्टी यंत्रावर काम करते आहे. कापसाची वेचणी संपली की लोक पऱ्हाटी, म्हणजे शेतात उरलेली कपाशीची झाडं, उपटून धुऱ्यावर जाळतात. ती शेतातच बारीक होऊन मातीत जावी, एवढा साधा हेतू. तीन हंगाम ते यंत्र आसपासच्या गावांत चाललं. मागच्या महिन्यात प्रमोशनसाठी स्क्रीनिंग कमिटीपुढे गेले. डायरेक्टर सरांनी लॅपटॉपवर स्कोपस (शोधनिबंध आणि त्यांच्या साइटेशनची ऑनलाइन सूची) उघडलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, 'मॅडम, एच-इंडेक्स फक्त तीन?' आमच्या एचओडींचा, म्हणजे विभागप्रमुखांचा, चोवीस आहे. स्टॅनफर्डच्या दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत त्यांचं नाव आलं म्हणून गेटवर फ्लेक्स लागला आहे. ते म्हणतात, पऱ्हाटी सोडा, नॅनोफ्लुइडमध्ये (अतिसूक्ष्म कण मिसळलेल्या द्रवांच्या संशोधनात) या, तिथं साइटेशन मिळतात. दुसरीकडं एका एजंटचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला आहे: स्कोपसचा पेपर, दुसऱ्या नंबरची ऑथरशिप, अठरा हजार, दोन महिन्यांत ऑनलाइन. बाळंतपणानंतर दोन वर्षं माझं काही छापून आलं नाही, तेही कुणी धरत नाही. अठरा हजार भरावेत का? विषय बदलावा का? मी नापास आहे का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

नापास नाही. अठरा हजार भरू नका. पऱ्हाटी सोडू नका. ही तिन्ही उत्तरं आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. मात्र तुमच्या फाइलमध्ये दोन-तीन गोष्टी खरंच कच्च्या आहेत. त्याही सांगणार आहे, आणि त्या तुमच्या हातातल्या आहेत.

तुम्ही पत्रासोबत स्कोपसचे स्क्रीनशॉट पाठवलेत, ते फार बरं केलंत. त्यात तुम्ही एकट्या नाही, दोन बाया आहात! सासरच्या आडनावावर सहा पेपर आणि माहेरच्या आडनावावर तीन. डायरेक्टर सरांनी उघडली ती पहिली प्रोफाइल. तिथल्या सहा पेपरांना दुसऱ्या पेपरांत मिळालेले उल्लेख, म्हणजे साइटेशन, असे: २७, ६, ४, २, १, ०. एच-इंडेक्स काढायची रीत सोपी आहे. जास्तीत जास्त उल्लेखांचा पेपर वर, अशा उतरत्या क्रमानं लावायचे आणि मोजत खाली यायचं. तिसऱ्या पेपरला किमान तीन उल्लेख आहेत, चौथ्याला चार नाहीत, म्हणून ३. माहेरच्या नावावरच्या पेपरांना १२, ५ आणि ४ उल्लेख आहेत. दोन्ही प्रोफाइल एक केल्या की क्रम होतो २७, १२, ६, ५, ४, ४, २, १, ०. आता चौथ्या पेपरला पाच उल्लेख आहेत, म्हणून एच-इंडेक्स ४. पाचव्याला पाच हवेत, आहेत चार. म्हणजे पाचव्या नंबरच्या पेपरला उद्या कुणी एकदा जरी उल्लेखलं, तरी तुमचा आकडा ५ होतो. ते उल्लेखणारं कुणी तुम्ही स्वतःही असू शकता, कारण पुढच्या पेपरात आपल्याच मागच्या पेपराचा संदर्भ द्यावाच लागतो.

बघा, तीनाचे चार झाले, उद्या पाच होतील, आणि यंत्राचं एक पातं बदललं नाही, एक एकर जास्त झाला नाही. भर बैठकीत ज्या आकड्यानं तुमची मान खाली गेली, त्याची पोच एवढीच आहे.

अजून एक गोष्ट त्याच स्क्रीनशॉटमध्ये दिसते. २७ उल्लेखांचा पेपर कोणता? लॉकडाऊनमध्ये घरी बसून लिहिलेला ब्रिकेटिंगचा (काडीकचरा दाबून जळणाच्या विटा करण्याचा) आढावा, म्हणजे रिव्ह्यू. आणि ज्या पेपरासाठी तुम्ही ऐन फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात ड्रमचा वेग बदलून बदलून यंत्र चालवलं, मजुरांसोबत तुकड्यांची लांबी मोजली, डिझेल मापून घेतलं, त्याला चार. रिव्ह्यूला कमी लेखत नाही. चांगला रिव्ह्यू लिहिणं सोपं नसतं, आणि नव्या माणसाला त्याचा फार उपयोग होतो. पण उल्लेख कुठं पडतात याची एक वाट ठरलेली असते. प्रस्तावनेत एका वाक्यात दहा संदर्भ टाकायचे तर लोक रिव्ह्यू टाकतात. पऱ्हाटी कुट्टीवर प्रत्यक्ष काम करणारे जगात मोजके, त्यामुळे उल्लेखणारेही मोजकेच. चार आकडा पाहून ते काम लहान ठरवणं चुकीचं आहे.

हा आकडा आला कुठून तेही ऐका, कारण कमिटीपुढे बोलताना उपयोगी पडेल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये तो मांडला. एकाच विषयातल्या, साधारण एकाच वयाच्या शास्त्रज्ञांची ढोबळ तुलना करायला तो बरा, असा त्यामागचा विचार. विषयाविषयांत तो फार वेगवेगळा येतो, हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. पुढं २०२० मध्ये त्यांनीच लिहिलं की या मापाचे गंभीर आणि अनपेक्षित दुष्परिणाम होऊ शकतात. मापाचे काही स्वभावदोष तर उघडच आहेत. तो वयानुसार वाढतो, कमी कधीच होत नाही. पाच पेपरांना प्रत्येकी पाच उल्लेख असले तरी ५, आणि प्रत्येकी तीनशे असले तरीही ५. नऊ लेखकांचा पेपर नऊही जणांच्या खात्यात पूर्ण एक म्हणून जातो. बाळंतपणाची, आजारपणाची, घरातल्या म्हाताऱ्यांच्या सेवेची वर्षं त्यात वजा होत नाहीत. तुम्ही ज्या दोन वर्षांबद्दल लिहिलंत, ती आकड्यात कुठंच दिसणार नाहीत. म्हणून ती शब्दांत लिहावी लागतात: या तारखेपासून या तारखेपर्यंत प्रसूती व संगोपन. रेझ्युमेत ही ओळ लिहायला बायका कचरतात. कचरू नका. निवड समितीवर बसणाऱ्याला ती ओळ दिसली तर तो बाकीचा हिशेब वेगळ्या नजरेनं करतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

आता दोन टक्क्यांची यादी. तुमच्या एचओडींचं मनापासून अभिनंदन करा. फ्लेक्सवरचं नाव खोटं आहे असं मानायला काही कारण नाही. पण ती यादी काय आहे ते नीट समजून घ्या. स्टॅनफर्डमधले जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपसच्या माहितीवरून ती तयार करतात आणि एल्सेव्हिअर ही प्रकाशन संस्था ती प्रसिद्ध करते. त्याला अर्ज नसतो, मुलाखत नसते, कुणी पेपर वाचून ठरवत नाही. ते स्टॅनफर्डचं पारितोषिकही नाही. एकूण उल्लेख, एच-इंडेक्स, सहलेखकांच्या संख्येनुसार दुरुस्त केलेला एच-इंडेक्स, आणि एकट्यानं, पहिल्या नावानं किंवा शेवटच्या नावानं लिहिलेल्या पेपरांचे उल्लेख, अशी सहा मापं एकत्र करून एक गुण काढला जातो. मग आपापल्या उपविषयात वरचे दोन टक्के. याद्या दोन असतात, एक आयुष्यभराच्या कामाची आणि एक फक्त एका वर्षाच्या उल्लेखांची. फ्लेक्सवर कोणती ते सहसा लिहिलेलं नसतं. स्वतःचे स्वतःला दिलेले उल्लेख धरून आणि वगळून, असे दोन्ही आकडे त्यात असतात. एवढी काळजी त्या लोकांनी घेतली आहे, पण गेटवर टांगताना ती गळून पडते. यादी करणाऱ्यांनी उपविषय वेगळे केले, कारण शेती अवजारांची आणि नॅनोफ्लुइडची तुलना होत नाही हे त्यांना ठाऊक आहे. तुमच्या कॉलेजात मात्र दोघांचे आकडे एकाच टेबलावर ठेवले गेले.

विषय बदलण्याचा सल्ला इथूनच येतो, म्हणून त्याबद्दल थोडं थांबून बोलतो.

कुठल्या विषयात किती लोक लिहितात, ते किती वेगानं लिहितात, आणि एका पेपरात किती संदर्भ देतात, यावर उल्लेखांचा भाव ठरतो. जैववैद्यकात तो चढा असतो, गणितात आणि अभियांत्रिकीच्या बऱ्याच शाखांत उतरता. अभियांत्रिकीच्या आतसुद्धा मटेरियल आणि मशीन लर्निंगचा बाजार तेजीत आहे, शेती यंत्रांचा नाही. शिवाय तुमच्या कामाचा हंगाम वर्षातून एकदा येतो. वेचणी आटोपली, पऱ्हाटी उभी आहे आणि उन्हाळी नांगरणी अजून व्हायची आहे, त्या काही आठवड्यांत जी चाचणी होईल ती होईल. एखादा बेअरिंग त्याच आठवड्यात गेला की वर्ष गेलं. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर मात्र मागच्या फक्त दोन वर्षांतल्या पेपरांना यंदा किती उल्लेख मिळाले यावर निघतो. तुमचा पेपर वाचून पंजाबात किंवा तेलंगणात कुणी यंत्र बनवायला घेतलं, तर त्याचे दोन हंगाम चाचणीतच जातील. तो उल्लेख करेल तोवर खिडकी बंद झालेली असेल. आणि मुळात हा इम्पॅक्ट फॅक्टर युजीन गारफिल्ड यांच्या संस्थेनं जर्नलं निवडण्यासाठी काढला. कोणती जर्नलं सूचीत घ्यावीत, ग्रंथालयानं कोणती मागवावीत, यासाठी. माणसं तोलायला तो पुढं लोकांनी वापरला. त्याविरुद्ध २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा आला, ज्याला डोरा म्हणतात: जर्नलच्या आकड्यावरून एकेका संशोधकाचं मोल करू नका. २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये लायडन जाहीरनामा छापून आला. त्यात दहा तत्त्वं आहेत, आणि त्यातलं एक तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: स्थानिक गरजेच्या संशोधनातली गुणवत्ता जपा. हे दोन्ही मजकूर मोफत मिळतात, दोन-चार पानांचे आहेत. छापून फाइलला लावा.

आता आपल्या भागाकडे पाहा. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल तुम्ही पाहिली असेलच. बचत गटातल्या बायका, गावातली तरुण पोरं तिच्यावर तुरीची डाळ करून विकतात. डाळ भरडणारी बाई शोधनिबंधाला संदर्भ देत नाही. ती तूर टाकते, डाळ काढते, पोती भरते आणि बाजारात नेते. स्कोपसला हे दिसायची काही सोय नाही. तसंच नागपूरच्या नीरीचं, म्हणजे पर्यावरण अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेचं. फ्लोराईडच्या पाण्यावर तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून उपाय करायची जी पद्धत तिथं तयार झाली, ती नालगोंडा पद्धत म्हणून ओळखली जाते. गावाचं नाव राहिलं, शास्त्रज्ञांचं नाव लोकांच्या तोंडी नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराईडच्या गावांत ज्यांनी पिवळे डाग पडलेले दात पाहिले आहेत, त्यांना अशा कामाचं वजन वेगळं सांगावं लागत नाही. अभियांत्रिकीचं बरंचसं खरं उत्पादन असंच असतं: यंत्र, पद्धत, मानक, आराखडा. ते वापरणारा माणूस लेखक नसतो, म्हणून उल्लेखांच्या यंत्रणेत त्याचा आवाज पोचत नाही.

तुमच्या पऱ्हाटीला तर दुसरीही बाजू आहे. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीनं कापूसवाल्याला कसं पिळलं ते तुमच्या वडिलांना विचारायला नको. फरदड (हंगामानंतर राखलेलं कापसाचं पीक) ठेवू नका, हंगाम संपला की पऱ्हाटी नष्ट करा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, कारण राहिलेल्या बोंडांत आणि पालापाचोळ्यात अळी सुप्त राहते. पण उपटायला मजूर मिळत नाही, म्हणून पऱ्हाटी उभी राहते, आणि उपटली तर पेटवली जाते. तुमच्या यंत्राचा प्रश्न हा आहे. नॅनोफ्लुइडवर काम करणारे जगभर पुष्कळ आहेत, आणि त्यांनी करावंच. बार्शीटाकळी-मूर्तिजापूरच्या काळ्या जमिनीत उभ्या पऱ्हाटीचं काय करायचं, यावर हाताला तेल लावून काम करणारे किती आहेत?

मग डायरेक्टर सर असं का बोलले? ते दुष्ट नाहीत, अडकलेले आहेत. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत, जी २०१६ पासून निघते, अभियांत्रिकी संस्थांना संशोधन आणि व्यावसायिक कामासाठी शंभरातले तीस गुण असतात. त्यात पेपरांचा आणि उल्लेखांचा मोठा वाटा. आकडा नाही तर क्रमांक नाही, आणि क्रमांक नाही तर पुढच्या वर्षी प्रवेश कमी, असं गणित मॅनेजमेंटच्या डोक्यात बसलेलं असतं. पण संस्थेची क्रमवारी वेगळी आणि तुमचं प्रमोशन वेगळं. इथं एक काम तातडीनं करा: तुमच्या प्रमोशनला कोणता तक्ता लागू आहे, हे कॉलेजकडून लेखी मागा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीतला संशोधन गुणांचा तक्ता काढून पाहा. त्यात पेपरला गुण आहेत, जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरनुसार वाढीव गुण आहेत, दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के असा हिशेब आहे, राष्ट्रीय पेटंटला ७ गुण आहेत. एच-इंडेक्सचा रकाना त्यात नाही! तुम्ही अभियांत्रिकीच्या, म्हणजे एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) नियमावलीही पाहावी लागेल. पण बैठकीत कुणी एखादा आकडा विचारला तर नम्रपणे विचारायचं, "सर, हा निकष कोणत्या कलमात आहे?" आवाज चढवायची गरज नाही. कलम विचारलं की बोलणं जागेवर येतं.

एजंटबद्दल थोडक्यात, कारण त्यात घोळवण्यासारखं काही नाही. ओपन अ‍ॅक्सेस, म्हणजे वाचकाला मोफत असलेलं, जर्नल छपाईचं शुल्क घेतं, ते वेगळं. तिथं पेपर तुमचा असतो, परीक्षण होतं, आणि शुल्क उघड लिहिलेलं असतं. हा माणूस तुम्ही न केलेल्या कामावर तुमचं नाव विकतो आहे. असे कारखान्यात बनलेले पेपर पकडले जाऊ लागले आहेत. २०२३ या एका वर्षात हिंदावी या प्रकाशनाला आठ हजारांहून जास्त पेपर मागे घ्यावे लागले. मागे घेतलेला पेपर पुसला जात नाही, 'रिट्रॅक्टेड' असा शिक्का घेऊन तुमच्या नावासह कायम राहतो. मेसेजमध्ये 'यूजीसी केअर लिस्टेड' असं लिहिलं असेल तर तेही शिळं आहे. ती मान्य जर्नलांची यादी यूजीसीनं २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली. नंबर ब्लॉक करा.

आता तुमच्या कच्च्या बाजू.

पहिली, प्रोफाइलची. ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढा, तो सोळा अंकी असतो आणि मोफत मिळतो. माहेरचं आणि सासरचं दोन्ही नावं त्यात घाला, आणि स्कोपसला प्रोफाइल एकत्र करायची विनंती पाठवा. आपल्याकडं एकाच आद्याक्षरांचे वानखडे, देशमुख, राऊत, इंगळे किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे; दुसऱ्याचा पेपर आपल्या खात्यात आला असेल तर तोही काढायला सांगा. गूगल स्कॉलरवर हे जास्त होतं. वाढीव आकडा आपला नसेल तर तो ठेवू नये, उद्या कमिटीत कुणी उघडून पाहिलं तर बाकीचं खरंही खोटं वाटतं. आणि यापुढं सगळीकडं एकाच नावानं लिहा, कोणतं ते तुमचं तुम्ही ठरवा.

दुसरी जास्त गंभीर आहे. तुम्ही तीन हंगाम यंत्र चालवलंत आणि पेपर झाले दोन, तेही पहिल्या हंगामाचे. बाकीची माहिती वहीत आहे, असं पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंत. इथं मी तुमची बाजू घेणार नाही. वहीत ठेवलेली चाचणी कुणाच्या कामाची? पैनगंगेपलीकडं आदिलाबादमध्ये हाच कापूस आहे, हीच पऱ्हाटी आहे. तिथला कुणी इंजिनीअर पुन्हा शून्यापासून सुरुवात करेल, कारण तुमची वही त्याच्यापर्यंत गेली नाही. मापाशी भांडायचं ते लिहिण्यातून सुटका म्हणून नव्हे. शेती अभियांत्रिकीच्या चांगल्या जर्नलकडं पाठवा, इम्पॅक्ट फॅक्टर किती ते नंतर बघा. त्या विषयातली माणसं ते वाचतात का, एवढंच पाहा. शक्य असेल तर मराठीत चार पानं वेगळी लिहून कृषी विज्ञान केंद्राला द्या.

लिहिण्याआधी मात्र पेटंटचा विचार करा. छापून आलं की नवेपणा संपतो. पहिल्या हंगामाचं जे छापलं गेलं ते गेलं. पण पाती बसवायची जी नवी पद्धत तुम्ही दुसऱ्या हंगामात काढलीत, ती अजून कुठं उघड झालेली नसेल, तर आधी तात्पुरतं विवरण दाखल करा. पूर्ण विवरणाला त्यानंतर बारा महिने मिळतात. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत आहे, त्यामुळे पैशाचं कारण कॉलेजला सांगता येणार नाही. आणि एक सावधगिरी: 'पेटंट पब्लिश्ड' म्हणजे पेटंट मिळालं नव्हे. अर्ज केल्यावर अठरा महिन्यांनी तो आपोआप प्रसिद्ध होतो, फी भरून लवकरही करता येतो. परीक्षण होऊन मंजूर झालं तर ते पेटंट. डिझाइन नोंदणी तर फक्त बाहेरच्या रूपाची असते. फाइलमध्ये जे जिथवर आलं असेल तेच लिहा.

तिसरी कच्ची बाजू पुराव्याची. तीन हंगामांत किती शेतांत यंत्र गेलं, हे तुम्ही "बऱ्याच" असं लिहिलंत. कमिटीला 'बऱ्याच' चालत नाही, आणि चालू नयेच. यंदा एक जाड रजिस्टर घ्या. शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, तारीख, क्षेत्र, किती तास, किती लिटर डिझेल, पऱ्हाटीतला ओलावा, तुकड्यांची सरासरी लांबी, बिघाड कुठला, दुरुस्तीला किती वेळ, आणि शेवटी शेतकऱ्याची सही. यंत्र आवडलं नसेल तर तेही त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. मातीत घातलेल्या पऱ्हाटीचं पुढच्या पेरणीपर्यंत काय झालं, त्याचे दोन-चार शेतांतले फोटो तारखेसह ठेवा. अकोल्याच्या विद्यापीठातल्या कृषी अभियांत्रिकीवाल्यांकडं जाऊन यंत्राच्या रीतसर चाचणीसाठी काय लागतं ते विचारा. त्यांचा चाचणी अहवाल तुमच्या फाइलमध्ये असणं म्हणजे ज्याला अवजार कळतं अशा माणसानं तुमचं काम तपासलेलं असणं, आणि उल्लेखांच्या कुठल्याही बेरजेला ते करता येत नाही. तुम्ही पत्रात एका शेतकऱ्याचं वाक्य लिहिलंत: "मॅडम, यंदाबी मशीन आणजा, पऱ्हाटी उभीच ठेवतो." हे वाक्य तोंडी राहू देऊ नका. त्याच्या सहीनं, तारखेनं ते रजिस्टरमध्ये यायला हवं. किती जणांनी दुसऱ्यांदा मागितलं, हा तुमच्या यंत्राचा माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक आकडा आहे, आणि तो तुम्ही अजून मोजलेलाच नाही.

हे सगळं घेऊन कमिटीला एक पानी टिपण द्या. त्यात एच-इंडेक्स लपवू नका. एकत्र केलेला ४ लिहा, कोणत्या तारखेला कुठून घेतला ते लिहा. त्याखाली तुमचे सगळ्यात चांगले तीन पेपर, प्रत्येकात तुम्ही नेमकं काय केलं ते दोन ओळींत. मग रजिस्टरमधला सारांश, पेटंट अर्ज असेल तर तो, आणि प्रसूतीची दोन वर्षं. तुमच्या विषयातल्या बाहेरच्या एका तज्ज्ञाकडून हे काम वाचून घ्यावं, अशी विनंती शेवटी करा. मान्य होईल की नाही ते कमिटीवर. पण विनंती इतिवृत्तात नोंदली जाईल याची काळजी घ्या.

उरले तुमचे एचओडी. त्यांच्यापासून अंतर ठेवू नका. चोवीस एच-इंडेक्सचा माणूस मटेरियलमध्ये मुरलेला आहे, आणि तुमचा अडलेला प्रश्नही मटेरियलचाच आहे: पऱ्हाटीसोबत माती येते आणि पाती झिजतात. तुमच्याच पत्रात आहे की एका हंगामात तुम्हाला पाती बदलावी लागली. त्यांचा विषय सोडून तुमच्यात या असं त्यांना म्हणायचं नाही, फक्त झिजलेलं एक पातं त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायचं. हार्डफेसिंग केलेली (वर कठीण धातूचा थर चढवलेली) आणि साधी पाती एकाच ड्रमवर एकाआड एक बसवा, म्हणजे दोघांनाही तीच माती, तीच पऱ्हाटी, तोच वेग मिळेल. येत्या हंगामात चालवा. किती तासांनी पाती उतरवून वजन घ्यायचं, ते तुम्ही दोघं बसून ठरवा.